उतारांत उतरलेलें घर

काँक्रीटचें उघडें घर म्हटलें कीं सुशिक्षित कुटुंबांतूनहि नाक मुरडलें जातें. ‘गुदाम’, ‘टाकी’, ‘तुरुंग’ हे शब्द तयारच असतात. गिलावा नसलेली भिंत म्हणजे पैसे संपल्यामुळें अर्धवट राहिलेलें काम, अशी आपली समजूत. आणि गांवोगांवचीं बांधकामें पाहतां ती अगदींच निराधार आहे, असें म्हणवत नाहीं. परंतु या समजुतीला थबकावयास लावील असें एक घर जपानांत, कोबे शहराजवळील अशिया येथें आहे. कोणत्याहि विद्यालयांत वास्तुकला न शिकतां स्वतःच ती शिकलेले ताडाओ आंदो यांनीं तें हिरोको कोशिनो या वस्त्रालंकार-रचनाकार बाईंसाठीं १९८१ सालीं बांधून पुरें केलें.

उतारावर घर बांधावयाचें म्हणजे डोंगर कापून सपाटी करावयाची, बांध घालावयाचा आणि त्यावर घर नेऊन ठेवावयाचें, ही रूढ रीत. आंदोंनीं दोन लांबट, असमान पेट्या एकमेकींस समांतर ठेवून त्या उतारांत अर्ध्या पुरल्या, आणि त्यांच्या जागा जुनीं झाडें सांभाळून ठरविल्या. घरांत शिरणें म्हणजे पायऱ्या चढणें ही आपली संवय. येथें माणूस वरच्या मजल्यावर प्रवेश करतो आणि बैठकीच्या उंच दालनांत खालीं उतरतो. दोन पेट्यांच्या मध्यें उघडें अंगण आहे, तेंहि सपाट नव्हे. तेथें रुंद पायऱ्या आहेत. घरासाठीं जो उतार खणला, तो पायऱ्यांच्या रूपानें जणूं परत केला आहे. आमच्या मतें या घराचें खरें यश येथें आहे. त्याची पुष्कळ स्तुति झाली, ती मात्र भिंतींचीच.

भिंतीहि स्तुतीस पात्र आहेत, हें खरें. गिलाव्याखालीं गवंड्याचीं पुष्कळ पापें झांकलीं जातात. येथें ती सोय नाहीं. फळ्यांचा सांचा काढल्यावर जें दिसेल तेंच कायमचें. म्हणून या गुळगुळीत करड्या पृष्ठभागाचें श्रेय सिमेंटाइतकेंच सांचा बसविणाऱ्या सुताराचें आहे. फळ्यांच्या सांध्यांच्या रेषा आणि सांचा आंवळणाऱ्या खिळींचीं वाटोळीं भोकें तशींच ठेवलीं आहेत, आणि भिंतीवर अलंकार म्हणून तेवढेंच. बैठकीच्या दालनांत छताला भिंतीलगत एक अरुंद फट आहे. तींतून उतरणारा उजेड भिंतीवरून दिवसभर सरकत राहतो. १९८४ सालीं वरच्या अंगाला, जमिनींत पुरूनच, कामाची एक खोली जोडण्यांत आली. तिची भिंत वक्राकार आहे, त्यामुळें तेथें उजेडहि वांकून पडतो. मूळच्या कडक सरळपणाला या वळणाची गरज होती. हें शेपूट जोडल्यानें घर बिघडलें नाहीं, सुधारलेंच.

दोष नाहींत असें नाहीं. मुळांत मुलांच्या सहा खोल्या एका ओळींत, एकसारख्या होत्या. वसतिगृहाची आठवण झाल्यावांचून राहत नसे. उघडें काँक्रीट हिंवाळ्यांत थंडगार पडतें, आणि घर चालविणारी बाई विचारील कीं, अशा भिंतींत खिळा ठोकावयाचा कोठें? हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. घर प्रथम राहणाऱ्याचें, मग रचणाऱ्याचें. आणि आंदोंना हें नेहमींच रुचलेलें दिसत नाहीं. ओसाका येथील सुमियोशी भागांत १९७६ सालीं त्यांनीं बांधलेल्या चिंचोळ्या घरांत एका खोलींतून दुसरींत जावयाचें तर उघडें अंगण ओलांडावें लागतें, पावसांत छत्री घेऊन! अशियाच्या घरीं त्यांना थोडी दया आली असावी. अंगणांतल्या त्या पायऱ्यांच्या खालून दोन्हीं पेट्यांना जोडणारा एक भुयारी मार्ग आहे, आणि मुलें त्यांतून कोरड्या पायांनीं जेवणघरांत येऊं शकत.