किनाऱ्याची परिभाषा : ‘सुशोभीकरण’ या शब्दाच्या निमित्ताने

मध्यम आकाराच्या सागरी शहरांतून किनाऱ्याच्या पुनर्विकासाच्या ज्या योजना अलीकडे हाती घेतल्या जात आहेत, त्यांची चर्चा अभियंते आणि अर्थशास्त्रज्ञ करीत असतात. ज्या मराठीत त्या लोकांपुढे मांडल्या जातात, त्या मराठीची चिकित्सा सहसा होत नाही. प्रस्तुत टिपणात ती रत्नागिरीच्या किनाऱ्यापुरती करावयाची आहे.

‘सुशोभीकरण’ हा अशा योजनांचा लाडका शब्द होय. (फलकांवर तो बहुधा ऱ्हस्व ‘भि’ने लिहिलेला आढळतो, तूर्त ते असो.) यातील दीर्घ ईकार हा संस्कृत वैयाकरणांच्या ‘च्वि’ प्रत्ययाचा अवशेष आहे आणि त्या प्रत्ययाचा अर्थ ‘अभूततद्भाव’, म्हणजे जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे, असा आहे. शुक्लीकरण पांढऱ्या वस्तूचे होत नाही. तेव्हा किनाऱ्याचे सुशोभीकरण करावयाचे म्हणताच तो आजवर अशोभन होता, हे वादावाचून मान्य करून घेतले जाते. त्याच्याच शेजारी ‘पुनर्विकास’ येतो, आणि त्यातील ‘पुनर्’ मात्र पूर्वी विकास होऊन गेल्याची ग्वाही देतो! दोन्ही शब्द एकाच वाक्यात सुखाने नांदतात, यावरून ते अर्थासाठी योजलेले नसावेत असे वाटते.

वस्तुतः या किनाऱ्यास स्वतःची परिभाषा आहे. भगवती किल्ल्याच्या एका अंगास काळा समुद्र, दुसऱ्या अंगास पांढरा समुद्र. रंग पाण्याचा नव्हे, वाळूचा. नाव देणाऱ्याने किनारा पायाखाली अनुभवला होता. ‘मांडवी’ म्हणजे जकात घेण्याची जागा. मुंबईत आणि कच्छातही हे नाव आहे. ‘बंदर’ फारसीतून आला, ‘जेटी’ इंग्रजीतून. परभाषेचे आम्हांस वावडे नाही. परंतु हे सारे शब्द तेथे काय चालते ते सांगतात. ‘वॉटरफ्रंट’ पाण्याकडे पाहणाऱ्याची जागा तेवढी सांगतो. मांडवीस ‘गेटवे ऑफ रत्नागिरी’ म्हणण्याची हौसही त्याच जातीची आहे.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. 2011 च्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत मासळी सुकविण्याची, जाळी दुरुस्त करण्याची, लिलावाची आणि होड्या बांधण्याची ठिकाणे नावानिशी निर्दिष्ट केलेली आहेत. शासकीय इंग्रजीस जे साधले, ते आमच्या ‘सुशोभीकरण करण्यात येईल’ या कर्तृहीन वाक्यास साधू नये, हे आश्चर्य आहे. कोण करील आणि कोणासाठी, हे त्यातून कळत नाही. 2025 च्या जानेवारीत मिरकरवाडा बंदरावरील अनधिकृत ठरविलेली बांधकामे पाडण्यात आली, तेव्हा ‘अतिक्रमण’ हा शब्द सर्वतोमुखी होता. सीमा उल्लंघणे हा त्याचा अर्थ. ती सीमा कोणी आखली, हे तो शब्द सांगत नाही. त्यांतील काही बांधकामे खरोखरच बंदराच्या कामास अडथळा करीत असतीलही. परंतु जाळ्यांची खोपटी आणि धंद्याची दुकाने एकाच नामात कोंबली म्हणजे निवाडा चौकशीपूर्वीच होऊन जातो.

यावर कोणी म्हणेल की, जुन्या शब्दांच्या मोहाने किनारा आहे तसाच ठेवावयाचा काय? तसे नाही. पांढऱ्या समुद्राच्या बाजूस धूप रोखण्याकरिता दगडी बंधारा घालावा लागला. मिऱ्याच्या रहिवाशांच्या दृष्टीने ती गरजेची गोष्ट आहे. ‘बंधारा’ हा शब्द प्रामाणिक आहे : काय बांधावयाचे व कशासाठी, हे त्यातून समजते, आणि म्हणून बंधाऱ्याविषयी वाद घालता येतो. त्याची उंची, त्याचे दगड, होडी ओढून घेण्यास ठेवलेली वाट, यांविषयी खारवी आणि दालदी मच्छीमारांस बोलता येते. सुशोभीकरणाविषयी त्यांनी काय बोलावे?

आमच्या विभागातील विद्यार्थी या समाजांच्या बोलींतील सागरी शब्द टिपून घेतात, हे स्तुत्य आहे. परंतु जाळे विणण्याची जागाच उरली नाही, तर त्या शब्दसंग्रहातील निम्म्या नोंदींपुढे ‘अप्रचलित’ असे लिहावे लागेल, आणि तेथेही कर्ता गाळलेलाच राहील.