‘मुक्त उड्डाण’ आणि शिकवणीचा क्रम : बांबूउडीतील एका सिद्धान्ताचे परीक्षण

मराठीत ह्या क्रीडाप्रकाराला ‘बांबूउडी’ म्हणतात. हातातला बांबू जाऊन त्याच्या जागी प्रथम धातूचा आणि 1960 नंतरच्या दशकात फायबरग्लासचा दांडा आला, तरी नाव तेच राहिले. वस्तू बदलली व शब्द टिकला, ही भाषेच्या अभ्यासकास परिचित अशी घटना होय, आणि तिने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु याच क्रीडाप्रकारात दुसरी एक संज्ञा अशी आहे की, तिच्या सैल वापराचे परिणाम वाढत्या वयाच्या मुलामुलींना भोगावे लागतात. ‘मुक्त उड्डाण’ ही ती संज्ञा. ते उड्डाण प्रगत तंत्रात मोडते काय, आणि मोडत असल्यास शिकाऊ खेळाडूस ते केव्हा शिकवावे, याविषयी शिक्षकांत दीर्घकाळ दोन पक्ष आहेत. त्या दोन्ही पक्षांची भूमिका तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सिद्धान्ताचा उगम सर्वज्ञात आहे. विताली पेत्रोव्ह ह्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झालेला सेर्गेई बुबका 1983 साली हेलसिंकी येथील पहिल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत विजयी झाला. 1985 साली पॅरिस येथे त्याने 6.00 मीटरांची मर्यादा प्रथमच गाठली आणि 1994 साली सेस्त्रिएरे येथे 6.14 मीटरांपर्यंत मजल मारली. त्याच्या उडीचे जे विश्लेषण झाले, त्यातून मुक्त उड्डाणाचे लक्षण निघाले. खेळाडूचा पाय जमीन सोडतो त्या क्षणी दांड्यावर अद्याप भार आलेला नसावा. दांडा सरळ असावा. दांड्याचे टोक पेटीच्या मागील भिंतीवर आदळून प्रतिकार सुरू होण्यापूर्वीच शरीर वर निघालेले असावे. याच्या उलट प्रकारात पाय फार पुढे, म्हणजे पेटीच्या बाजूस, पडतो आणि जमिनीवर असतानाच दांडा वाकू लागतो. परिणामी धावेने मिळविलेल्या शक्तीचा काही अंश व्यर्थ जातो आणि खांदा व कंबर यांस हिसका बसतो.

येथवर मतभेद नाही. मतभेद आहे तो काळाविषयी. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, हे शिखरावरील खेळाडूंचे तंत्र आहे; मुलाने आधी दांडा वाकविण्यास शिकावे, आडवी काठी ओलांडावी, त्याचा उत्साह टिकावा, आणि वेग व बळ आल्यावर उड्डाणाची सुधारणा करावी. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, आदर्श एकच असून तो पहिल्या दिवसापासून शिकवावा. ॲलन लॉन्डर व जॉन गॉर्मली यांच्या ऑस्ट्रेलियन ग्रंथाचे ‘फ्रॉम बिगिनर टू बुबका’ हे शीर्षकच ही भूमिका सांगते : नवशिक्यापासून बुबकापर्यंत एकच अखंड रेषा आहे.

दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात, ती ही की ‘मुक्त उड्डाण’ ही एकजिनसी वस्तू आहे आणि ती एक तर आज द्यावयाची किंवा उद्या. हे गृहीतच सदोष आहे. संज्ञा एक असली तरी तिच्या पोटात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली आकृतीची : उड्डाणाच्या वेळी शरीर उंच व सरळ, वरचा हात पूर्ण ताणून डोक्यावर. दुसरी स्थानाची : उड्डाणाचा पाय वरच्या हाताच्या बरोबर खाली. तिसरी काळाची : पाय सुटणे आधी, दांड्याचा प्रतिकार नंतर. ह्या तिन्हींचे शिकण्याचे वय वेगळे, साधन वेगळे आणि पूर्वतयारीही वेगळी आहे.

प्रथम काळाचा विचार करू. ताशी वेगाची भाषा सोडून सेकंदाच्या शंभराव्या भागाचा हिशेब मांडला तर प्रश्न स्वच्छ होतो. सेकंदाला 9.5 मीटर वेगाने धावणारा खेळाडू तेवढ्या अवधीत 9.5 सेंटिमीटर पुढे जातो. 6 मीटर वेगाने धावणारा मुलगा 6 सेंटिमीटर. पाय सुटणे आणि टोक आदळणे यांतील अंतर अशाच काही शतांश सेकंदांचे असते. उलटपक्षी, नवशिक्याचे शेवटचे पाऊल एका धावेत जेथे पडते तेथून पुढच्या धावेत एखादी वीत तरी इकडेतिकडे पडते. ज्याच्या पावलाची जागाच वीतभर हलते, त्याच्याकडे शतांश सेकंदाच्या अचूकतेची मागणी करणे म्हणजे अक्षरे न जुळविलेल्या विद्यार्थ्याकडून वृत्तशुद्ध रचनेची अपेक्षा करणे होय. अशी मागणी झाली की मूल ती भलत्याच मार्गाने पुरी करते. शेवटचे पाऊल लांबविते, वेग आवरते किंवा पेटीपासून फार दूरवरून उडी घेते. यांपैकी शेवटचा प्रकार सर्वांत धोक्याचा. दांडा उभा होण्याइतकी गती उरत नाही आणि मूल गादीवर पोचण्याऐवजी पेटीत किंवा धावमार्गावर मागे पडते. काळाची मागणी अकाली करू नये, ह्या पहिल्या पक्षाच्या म्हणण्यात म्हणूनच निश्चित तथ्य आहे.

परंतु आकृती व स्थान यांचा विचार करताच तोल दुसऱ्या पक्षाकडे झुकतो. येथे साध्या त्रिकोणाचा आधार घेता येईल. पेटीचा तळ धावमार्गाच्या 20 सेंटिमीटर खाली असतो. एखाद्या निष्णात खेळाडूची पकड दांड्याच्या टोकापासून 5.10 मीटरांवर आणि त्याचा वरचा हात जमिनीपासून 2.30 मीटर उंच आहे असे धरले, तर उड्डाणाच्या क्षणी सरळ दांडा जमिनीशी सुमारे 29 अंशांचा कोन करतो आणि पाय टोकापासून सुमारे 4.40 मीटरांवर पडावा लागतो. मुलाची पकड 3 मीटर व हाताची उंची 2 मीटर धरली, तर कोन सुमारे 47 अंश आणि अंतर सुमारे 2 मीटर येते. अर्थात मुलाचा दांडा मुळातच अधिक उभा असतो. निष्णात खेळाडूस आडव्या दांड्याला वर नेण्यासाठी मुक्त उड्डाणाची जी निकड असते, ती मुलास नसते. तो थोडा आत शिरला तरी उडी कशीबशी पार पडते. दोष घडतो, पण तो दिसत नाही. पुढे पकड वाढते, कोन घटतो आणि तोच दोष अडथळा होऊन उभा राहतो. तोपर्यंत तो अंगवळणी पडलेला असतो.

ह्या ठिकाणी दांड्याचा प्रकार निर्णायक ठरतो. ताठ, न वाकणारा दांडा चूक लपवीत नाही. पाय आत पडला की तो हात मागे ओढतो, आणि मुलास शिक्षकाने न सांगताही कळते. वाकणारा दांडा चूक पोटात घालतो. आत पडलेल्या पायाचा हिसका तो वाकून झेलतो आणि वर मुलास मोठी उडी मारल्याचा आनंदही देतो. पहिल्या पक्षाच्या क्रमातील खरा दोष हा आहे. मुक्त उड्डाण त्यांनी पुढे ढकलले यात दोष नाही. वाकणारा दांडा त्याच्या आधी आणला, यात आहे.

विजेत्यांच्या उदाहरणांवरून हा वाद सोडविण्याचा प्रयत्न वारंवार होतो, तो निष्फळ आहे. रेनो लाविलेनी याने 2014 साली दोनेत्स्क येथे 6.16 मीटर उडी मारून बुबकाचा उच्चांक मोडला. त्याच्या उड्यांत पाय पुष्कळदा आत पडलेला दिसतो. आर्मंड डुप्लांटिस याला लहानपणीच लुइझियानात घराच्या अंगणात, स्वतः बांबूउडीपटू असलेल्या पित्याच्या देखरेखीखाली सराव मिळाला. 2025 साली टोकियो येथे तो 6.30 मीटरांवर पोचला. एकाच्या उदाहरणाने नियम बांधावा तर दुसऱ्याचे उदाहरण तो सैल करते. शिवाय विजेत्याची चित्रफीत ही त्याच्या शिक्षणाची शेवटची ओळ असते. ती पाहून पहिली ओळ कशी होती याचे अनुमान करणे म्हणजे वर्णनालाच विधी समजणे होय. प्रौढ वक्त्याच्या भाषेचे व्याकरण आणि बालकाच्या भाषाशिक्षणाचा क्रम या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिले अचूक असूनही दुसऱ्याविषयी ते काहीच सांगत नाही.

असे असता ‘केव्हा’ ह्या प्रश्नाचे उत्तर वर्षांत देता येत नाही, ते अटींत द्यावे लागते. आकृती पहिल्याच दिवसापासून शिकवावी. तीन ते पाच पावलांची धाव, खालची पकड व ताठ दांडा एवढे तिला पुरे आहे. स्थान शिकवावे ते पावलांची संख्या व लय ठरल्यानंतर. दर धावेस पाय कोठे पडला याची खूण शिक्षकाने पाहावी, खेळाडूने नव्हे. काळाची मागणी सर्वांत शेवटी, आणि तीही आडवाटेने करावी. ‘आधी सुट’ असे सांगण्यापेक्षा रोवणी लवकर सुरू करण्याची व वर उसळण्याची सवय लावावी, म्हणजे मुक्तता हा त्या दोहोंचा परिणाम म्हणून येतो. ह्या तिन्ही गोष्टी ताठ दांड्यावर स्थिर झाल्याखेरीज वाकणारा दांडा हाती देऊ नये. शरीर झपाट्याने वाढण्याच्या काळात पावलांची लांबी बदलते आणि जुळलेली लय पुन्हा विस्कटते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. त्या काळात नवे तंत्र न देता पकड थोडी खाली घेऊन स्थानाची पुन्हा जुळणी करावी.

एक आक्षेप शिल्लक राहतो. ताठ दांड्यावर उंची थोडी मिळते, मूल कंटाळते व मैदान सोडते, असे अनुभवी शिक्षक सांगतात. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे मूल्य द्यावेच लागते. परंतु कंटाळलेले मूल उद्या परत येऊ शकते. चुकीच्या सवयीने पेटीत पडलेल्याच्या बाबतीत ती खात्री देता येत नाही. आणि सुदैवाने जो पडत नाही, त्याची पुढील कित्येक वर्षे शिकलेले विसरण्यात जातात.

सारांश, ‘प्रगत’ हे विशेषण तंत्राला लावणे हीच मूळ चूक आहे. मुक्त उड्डाणाचा पाया प्राथमिक आहे; प्रगत आहे ती त्याची अचूकता. हे दोन अर्थ एका शब्दात कोंबल्यामुळे एका पक्षाने पायाच पुढे ढकलला आणि दुसऱ्याने अचूकता अकाली मागितली. संज्ञेची फोड केली की वादाचा बराचसा भाग आपोआप मिटतो. जो उरतो तो शिक्षकाच्या संयमाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मैदानावरच द्यावे लागते.