सायकली वाढल्या, पण कोणाच्या?

सायकलींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘सायकली वाढल्या की सायकल चालवणं आपोआप सुरक्षित होतं.’ हे हवेतून आलेलं नाही. २००३ मध्ये पीटर जेकबसन यांचा एक पेपर ‘इंज्युरी प्रिव्हेन्शन’ या नियतकालिकात आला. त्यात कॅलिफोर्नियातली ६८ शहरं, डेन्मार्कमधली ४७ गावं आणि युरोपातले काही देश यांची आकडेवारी होती. निष्कर्ष असा की अपघात सायकलींच्या संख्येच्या साधारण ०.४ घातानं वाढतात.

म्हणजे काय? सायकली दुप्पट झाल्या तर अपघात २ चा ०.४ घात, म्हणजे १.३२ पट होतात. ते दुप्पट लोकांत वाटले गेले की प्रत्येकाचा धोका सुमारे एक तृतीयांशानं कमी होतो. जेकबसन यांच्या मते याचं कारण म्हणजे गाडीवाल्यांना सायकलींची सवय होते आणि ते जपून चालवतात.

यावर पहिला आक्षेप नेहमीचाच आहे. कदाचित उलट घडत असेल: रस्ता आधी सुरक्षित होतो, मग तिथे लोक सायकली काढतात. माझा आक्षेप मात्र दुसरा आहे. या सूत्रात प्रत्येक सायकल सारखीच धरलेली आहे. आपल्याकडे ती तशी नाही.

आमच्या हुडकेश्वरातलंच बघा ना. रविवारी पहाटे उमरेड रोडकडे हेल्मेट घातलेले, मागे लाल लाईट लुकलुकणारे ग्रुप निघतात. त्यांना आपण ‘सायकलिस्ट’ म्हणतो. हँडलला डबा अडकवून साईटवर जाणारा मिस्त्री आणि धुण्याभांड्याची कामं करून अंधारात परतणाऱ्या बाया मात्र ‘सायकलवाले’च. डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, याचा प्रत्येक नागपूरकराला अभिमान आहे, मलाही आहे. अशा यशामुळे सायकलला मान मिळाला. पण तो मान पहिल्या शब्दालाच मिळाला.

२०२० साल आठवा. लॉकडाऊनमध्ये सायकलींची मागणी वाढली. केंद्र सरकारची ‘सायकल्सफॉरचेंज’ स्पर्धा आली आणि त्यात निवडलेल्या ११ शहरांत नागपूरही होतं. त्याच वर्षी ३ जूनला, जागतिक सायकल दिनी, साध्या सायकलींसाठी घरोघरी माहीत असलेल्या ‘ॲटलस’चा साहिबाबादचा कारखाना बंद पडला.

आता जेकबसन यांचं कारण इथे लावून बघा. रविवारी पहाटे साडेपाचला सायकली दुप्पट झाल्या, तर मंगळवारी संध्याकाळी सातला म्हाळगी नगर चौकातून जाणाऱ्या टिप्परच्या ड्रायव्हरला कसली सवय होणार? तो त्या ग्रुपला भेटतच नाही. त्याला भेटतो तो लाईट नसलेला मिस्त्री. गर्दीचा फायदा मिळायला गर्दी त्याच रस्त्यावर आणि त्याच वेळी असावी लागते.

हौशी सायकलिस्टांना दोष द्यायचा नाहीये. त्यांच्यामुळेच लेनची मागणी निदान ऐकली तरी जाते. पण लेन कुठे आखायची हे मोजणीवर ठरत असेल आणि मोजणी फक्त राईड, रॅली, ॲपवरून होत असेल, तर पैसा तिथेच जाणार. ज्याला सायकलशिवाय पर्याय नाही, तो आकड्यात येणारच नाही.

म्हणून ‘शहरात सायकलिंग वाढलंय’ असं कोणी सांगितलं, की दोन प्रश्न जरूर विचारा: कोणत्या वारी, किती वाजता मोजलं? आणि त्यातले किती जण कामावर निघाले होते?