जपानी पुष्पपरड्यांची पारख

जपानांत फुलें मांडण्याकरितां विणलेल्या बांबूच्या परडीस ‘हानाकागो’ म्हणतात. अशी जुनी परडी पारखावयाची म्हणजे तळावर कोरलेलें कारागिराचें नांव वाचावयाचें, आणि ज्या लांकडी पेटींत ती ठेविलेली असते त्या पेटीवरील लेख पाहावयाचा, असा संग्राहकांचा सर्वसाधारण परिपाठ आहे. हा परिपाठ सोयीचा खरा. परंतु कालनिर्णयाच्या कामीं तो अपुरा आहे, असें आमचें मत आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. ही विद्या फार जुनी आहे. नारा येथील शोसोइन भांडारांत बौद्ध विधींत फुलें उधळण्याच्या आठव्या शतकांतील परड्या आहेत. नांव घालण्याची चाल मात्र अर्वाचीन. ओसाका येथील पहिला हायाकावा शोकोसाई (१८१५–१८९७) हा परडीवर आपलें नांव घालणारा पहिला कारागीर मानला जातो. त्यापूर्वींच्या परड्या बहुतेक निनांवी आहेत. म्हणजे नांव हें प्राचीनत्वाचें नव्हे, उलट उत्तरकालाचें गमक ठरतें. शिवाय तें एका इसमाचें राहत नाहीं. शोकोसाई हें नांव क्रमानें पांच जणांनीं चालविलें. साकाई येथील तानाबे घराण्यांतील चिकुउन्साई हें नांव २०१७ मध्यें चौथ्या पुरुषाकडे आलें. आजाचें नांव नातवास ठेवण्याच्या आपल्या चालीमुळें पत्रांतील इसम कोणता याचा घोळ संशोधकांस नित्य सोसावा लागतो. येथें तर नांवाबरोबर धंदाही तोच.

आतां पेटी. कारागिरानें स्वहस्तें लिहिलेली पेटी, म्हणजे ‘तोमोबाको’, हा मोलाचा पुरावा होय. परंतु लखोटा पत्रापासून सुटतो, तशी पेटीही परडीपासून सुटते. कित्येक पेट्यांवरील लेख मागाहून वंशजानें वा जाणकारानें लिहिलेले असतात. त्यांचा मान ठेवावा. पण तो अभिप्राय आहे, समकालीन नोंद नव्हे, हें विसरूं नये.

राहिली मालाची साक्ष. आणि येथेंच अधिक सावध राहावें. ‘सुसुदाके’ म्हणून जो तांबूस-काळा बांबू नांवाजला जातो, तो गवती छपराच्या घरांत आगटीच्या धुरानें पिढ्यान् पिढ्या काळवंडलेला असतो. घर मोडलें कीं तो काढून घेतात व विणतात. कित्येक परड्या जुन्या बाणांच्या काड्यांच्याही केलेल्या आहेत. तेव्हां बांबू शंभर वर्षांचा आणि वीण कालची, असें सहज घडतें. कारागीर यांत कोणास फसवीत नाहीं. पण जुन्या कोऱ्या कागदावर लिहिलेली नवी सनद ज्यानें पाहिली आहे, त्यास हा प्रकार निराळा समजावून सांगावयास नको.

घाटाचीही तीच गत. एकोणिसाव्या शतकांत ‘सेन्चा’ चहाच्या शोकिनांस चिनी वळणाच्या परड्या प्रिय असल्यानें तशा परड्या जपानांतच विणल्या गेल्या. केवळ घाटावरून परडी चिनी म्हणतां येत नाहीं.

नांव व पेटी यांवरच भिस्त ठेविल्यास काय गमावतें, हें एका उदाहरणानें कळेल. चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यानें कात्सुरा नदीवरील कोळ्याची मासे ठेवण्याची टोपली घेऊन तींत फुलें मांडलीं, अशी परंपरा आहे. ती टोपली कोबे येथील कोसेत्सु संग्रहालयांत आहे. ती विणणारा कोळी कोण, हें कोणास ठाऊक नाहीं. आणि तरीही पुढील पुष्पपरड्यांस ती आदर्श झाली. निनांवी म्हणून असल्या वस्तू बाजूस सारल्या, तर या कलेच्या इतिहासाचा पहिला हजार वर्षांचा भाग कोराच राहील.

मग परडी वाचावी कशी? तळ कसा उचलला आहे, कांबी किती बारीक व सारख्या तासल्या आहेत, काठ कसा दुमडला आहे, वेताच्या गांठी कशा बसविल्या आहेत, हातानें धरण्याच्या जागीं झीज आहे कीं नाहीं, आणि आंतील पाण्याचें नळकांडें मूळचें कीं बदललेलें, हें आधीं पाहावें. पेटी त्यानंतर उघडावी. ईझुका रोकान्साई (१८९०–१९५८) यानें आपल्या परड्यांस शिन, ग्यो व सो, म्हणजे रेखीव, मधली व मोकळी, असे तीन वर्ग लाविले, ते मूळ अक्षरलेखनांतील आहेत. मोडी पत्राखालीं नांव नसलें तरी अक्षराच्या वळणावरून लेखक ओळखणाऱ्या वाचकांस यांतील मर्म कळेल. परडीची खरी सही तिच्या विणींत असते. तळावरील नांव तिला दुजोरा देतें, एवढेंच.