वेश आणि अवस्था : व्हिक्टोरियाकालीन जीवनाचा शालेय अभिनय

लंडनच्या पूर्व भागात डॉ. बर्नार्डो यांनी गरीब मुलांसाठी १८७७ साली उघडलेली शाळा १९०८ मध्ये बंद झाली. त्याच वास्तूत १९९० मध्ये संग्रहालय स्थापन झाले आणि व्हिक्टोरियाकालीन वर्गाचा पाठ शाळकरी मुलांकडून प्रत्यक्ष वठवून घेण्याचा उपक्रम तेथे नावारूपास आला. मुले पाटी घेऊन बाकांवर बसतात. करड्या शिक्षिकेची भूमिका करणारी नटी त्यांना दटावते.

या पद्धतीमागे परंपरा आहे. कॉल्डवेल कुक यांनी १९१७ च्या आपल्या ग्रंथात क्रीडेला अध्ययनाचे साधन मानले. पुढे डोरोथी हीथकोट यांनी मुलाला प्रसंगात उभे करून निर्णय करावयास लावले. संग्रहालयातील पाठाने यांतला सोपा अंश तेवढा उचललेला दिसतो. मुलाच्या हाती पाटी येते, परंतु ती टाकून कामावर जाण्याची पाळी त्याच्यावर येत नाही. १८६२ च्या नियमावलीने शाळांचे अनुदान विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील यशाशी जोडले होते. मास्तरांच्या करडेपणामागे ती धास्तीही होती. ती वगळली की छडी निव्वळ गमतीची वस्तू होते. धनंजयाने ‘दशरूपका’त नाट्याला अवस्थेचे अनुकरण म्हटले आहे. येथे अनुकरण होते ते वेशाचे.

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, छावणीत असा पाठ रचावयाचा झाल्यास प्रश्न अधिक बिकट होतो. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) हा मुलूख निजामाचा होता. छावणीतील हैदराबाद कंटिंजंट मात्र इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली होती आणि तिच्या खर्चासाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाडादी प्रांत इंग्रजांकडे लावून दिले गेले. फौज निजामाच्या नावाची, हुकूम साहेबाचा आणि पैसा वऱ्हाडातल्या कुणब्याचा! मडमेचा झगा आणि चहाचे पेले यांतून हे कसे दिसावे? शिवाय पंखेवाला, भिस्ती, आया, मोतद्दार या भूमिका कोणत्या मुलांच्या वाट्याला जातील? घरची स्थिती पाहून वाटणी झाली तर तो अभिनय राहणारच नाही.

छावणीजवळ याहून सकस प्रसंग आहे. जून १८५७ मध्ये आपणांस दख्खनच्या हद्दीबाहेर, दिल्लीच्या बादशहाविरुद्ध नेणार, अशी वार्ता येथील घोडदळात पसरली आणि स्वार बिथरले. जनरल वुडबर्न यांच्या फौजेने पुण्याकडून येऊन हा उठाव मोडला. पकडलेल्यांना देहान्ताच्या शिक्षा झाल्या. मुलांनी वठवावी ती त्या वार्तेनंतरची घालमेल : इमान कोणाशी, निजामाशी, पगाराशी, की बादशहाशी? शिक्षेचा देखावा मात्र टाळावा; तोफेचा पुठ्ठा रंगविण्यातच मुले रमतील.

मराठीत या कामास उपयोगी पडणारी संहिता त्याच काळातली आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकात जोशी कुणबी दांपत्याला ग्रहपीडेच्या भयाने नाडतो, विदूषक मधूनमधून त्याचे ढोंग उघडे करतो आणि शेवटी ती दोघे शिकण्याचा निश्चय करतात. लंडनच्या पाठात आरंभीच हाती पडणारी पाटी येथे फसवणूक भोगल्यानंतर हवीशी होते. पाद्र्याचे बोलणे आजच्या वर्गात लांबलेले वाटेल. ते छाटण्यास हरकत नाही. जोशाचा हिशेब मात्र पूर्ण ठेवावा, कारण कुणब्याचे कर्ज त्यातूनच वाढते. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले आणि १९७९ पर्यंत ते छापले गेले नाही.