पाणचक्की फिरते, पण दळते का?

वणीच्या एका शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या माझ्या मित्राने गेल्या हिवाळ्यात नववीच्या मुलांची सहल छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचे औरंगाबाद) नेली होती. परतल्यावर मुलांनी लिहिलेले सहलीचे अहवाल त्याने मला वाचायला दिले. वेरूळ, बीबी का मकबरा आणि पाणचक्की अशी तीन ठिकाणे होती. पाणचक्कीबद्दल जवळजवळ प्रत्येक वहीत थोड्याफार फरकाने एकच वाक्य होते: ‘सायफन पद्धतीमुळे पाणी उंच भिंतीवर आपोआप चढते व चक्की फिरते, म्हणून या चक्कीला ऊर्जा लागत नाही.’

मुलांनी ऐकले तेच लिहिले, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परंतु या एका वाक्यात भौतिकशास्त्राच्या दोन चुका आहेत आणि त्या दोन्ही सहलीमुळे पक्क्या झाल्या आहेत. जे स्थळ आपण ‘विज्ञानाचा ऐतिहासिक नमुना’ म्हणून मुलांना दाखवितो, त्याचे विज्ञानाच्या दृष्टीने परीक्षण करावे असे म्हणूनच वाटले.

स्थळ आणि त्याची रचना

पाणचक्की हा बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील भाग आहे. खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ हे आवार सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकापर्यंत टप्प्याटप्प्याने उभे राहिले. या शहराला पाणी पुरविण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी हे गाव राजधानीसाठी निवडले आणि डोंगराच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. पाणचक्कीची नहर वेगळी व नंतरची, पण कुळी तीच. काही किलोमीटर दूरच्या उगमापासून पाणी खापरी नळांतून येते, उंच भिंतीच्या माथ्यावर निघते आणि तेथून खालच्या हौदात कोसळते. या पाण्याच्या जोरावर पात्यांचे आडवे चाक फिरते. चाकाचा उभा दांडा वर जात्याच्या वरच्या तळीला जोडलेला आहे. मधे दातेरी चाके नाहीत. चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. दर्ग्यात येणारे यात्रेकरू व फकीर यांच्यासाठी येथे पीठ दळले जाई.

या रचनेत कौतुकास्पद पुष्कळ आहे. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. डोक्यावर पाणी असल्याने उन्हाळ्यातही दालन थंड राहते. एकच पाणी शोभेसाठी, दळणासाठी आणि गारव्यासाठी वापरण्याची ही काटकसर मुलांना आवर्जून दाखवावी. माझा आक्षेप वास्तूवर नाही, तिच्याभोवती जमलेल्या ‘चमत्कारा’च्या कथेवर आहे.

पहिली चूक: पाणी ‘आपोआप’ चढते

सायफनमध्ये नळीचा बाक उगमाच्या पातळीपेक्षा *वर* असतो. तेथवर पाणी ढकलण्याचे काम हवेचा दाब करतो, म्हणून त्या उंचीला मर्यादा आहे. समुद्रसपाटीला ती सुमारे 10 मीटर भरते, संभाजीनगरच्या उंचीवर थोडी कमी. पाणचक्कीत मात्र नळ उगमापासून *खाली* उतरतो आणि शेवटी पुन्हा वर चढतो. याला अभियंते उलटा सायफन म्हणतात, पण नावापलीकडे त्याचे सायफनशी नाते नाही. ‘पाणी आपली पातळी शोधते’ हे सहावीतले तत्त्व एवढाच त्याचा आधार. भिंतीवर चढलेले पाणी उगमाच्या पातळीच्या वर कधीही जाऊ शकत नाही. नळातील घर्षणामुळे ते त्या पातळीच्या थोडे खालीच राहते.

म्हणजे मुलाने विचारायचा प्रश्न ‘पाणी वर कसे चढले?’ हा नव्हे, तर ‘ते आधी किती खाली उतरले?’ हा आहे. खरे कौशल्य येथेच दिसते. उगमाच्या पातळीखाली दर 10 मीटरला नळातील दाब सुमारे एका वातावरणाएवढा वाढतो. खापराचा नळ आणि त्याचे सांधे हा दाब सहन करतील अशा बेताने मार्ग आखणे आणि कित्येक किलोमीटर उतार साधणे, हे पंप नसलेल्या काळातील सर्वेक्षणाचे मोठे काम होते. ‘आपोआप’ या शब्दाने नेमके हेच श्रम झाकले जातात.

दुसरी चूक: ऊर्जा लागत नाही

ही चूक अधिक गंभीर आहे. वीज लागत नाही म्हणजे ऊर्जा लागत नाही, असे मुलांनी मानले. आपण थोडे गणित करू. समजा, चाकावर दर सेकंदाला 10 लिटर पाणी 4 मीटर उंचीवरून पडते (हे आकडे उदाहरणादाखल आहेत). 10 किलोग्रॅम × 9.8 × 4 म्हणजे सुमारे 390 ज्यूल दर सेकंदाला, अर्थात 390 वॅट. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने 1759 मध्ये पाणचाकांवरील मोजमापे प्रसिद्ध केली. पाण्याच्या धडकेवर चालणाऱ्या चाकात ऊर्जेचा बराच भाग वाया जातो, तर वरून पाणी पडून त्याच्या वजनाने फिरणारे चाक दुपटीहून अधिक कार्यक्षम असते, असे त्याला आढळले. आपल्या आडव्या चाकाला चौथा हिस्सा मिळाला असे धरू. हाती उरतात जेमतेम 100 वॅट.

जात्यावर दळणारी व्यक्ती सलगपणे 50 ते 75 वॅटने काम करू शकते. आपल्या हिशेबातली पाणचक्की म्हणजे जात्यावर बसलेल्या दोन बायका! फरक इतकाच की ती रात्रीही थकत नाही. आता आपल्या गल्लीतली गिरणी घ्या. तिची मोटार 10 अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे 7,500 वॅटची असेल, तर ती अशा 75 पाणचक्क्यांच्या बरोबरीची झाली. पूर्ण भारावर ती तासभर चालली की साडेसात युनिट वीज खर्च होते. औष्णिक केंद्रात एका युनिटला ढोबळमानाने दोन-तृतीयांश किलो कोळसा जळतो. म्हणजे तासाला पाच किलो.

वणीच्या मुलांना कोळसा काही पुस्तकात भेटत नाही. खाणींकडून येणारे ट्रक ती रोज पाहतात, वाळत घातलेल्या कपड्यांवरची काळी भुकटी झटकतात. त्यांच्या दृष्टीने ‘ऊर्जा लागत नाही’ हे वाक्य निरुपद्रवी नाही. ऊर्जा फुकट मिळू शकते असे एकदा मनात बसले की गिरणीच्या पिठामागचा कोळसा दिसेनासा होतो. पाणचक्कीलाही ऊर्जा लागतेच. सूर्याने समुद्राचे पाणी उचलले, पावसाने ते डोंगरावर टाकले आणि नहरीने ते चाकापर्यंत आणले. पाऊस आणि भूजल घटले की ही ऊर्जाही घटते.

रिकामी फिरणारी तळी

यापुढचा आक्षेप प्रदर्शनाबद्दल आहे. आज ही चक्की दळणासाठी चालत नाही. पाणी असेल तेव्हा ती दाखविण्यापुरती फिरते. जात्यावर बसलेल्या कुणालाही ठाऊक असते की रिकामे जाते सहज फिरते. तोंडात मूठभर ज्वारी पडली की मगच खुंटा जड होतो. यंत्राचे काम त्या जडपणात असते. दाणा न टाकता फिरणारी तळी गती दाखविते, कार्य दाखवीत नाही.

तुलनेसाठी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचे एक उदाहरण देतो. फेअरफॅक्स काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) उद्यान प्राधिकरणाने सुमारे 1811 ची कॉल्व्हिन रन ही पाणचक्की दुरुस्त करून उद्यान म्हणून राखली आहे. ठरावीक दिवशी तेथे खरोखर धान्य दळले जाते आणि पीठ विकतही मिळते. पाणी सोडले की चाक कसे हलते, दाणा पडला की आवाज कसा बदलतो, पीठ कोठून बाहेर येते, हे सारे मुलांना एका जागी पाहता येते.

आपली पाणचक्की धार्मिक स्थळाचा भाग आहे, वास्तू जुनी आहे, तळ्यांची झीज होईल, या अडचणी खऱ्या आहेत. रोज दळावे असे मी म्हणत नाही. शेजारी एखादी चालती प्रतिकृती, पाण्याची उंची व प्रवाह सांगणारा एक साधा तक्ता आणि वर्षातून काही दिवस मूठभर दाण्यांचे प्रात्यक्षिक, एवढे झाले तरी सहलीचे सोने होईल.

शिक्षकांच्या हातात काय आहे?

तोवर वाट पाहण्याचे कारण नाही. सहलीला निघण्यापूर्वी शाळेत एखादे जाते आणावे. आधी रिकामे, मग दाणे घालून प्रत्येक मुलाला ते फिरवू द्यावे. एका पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी एकच राहते हे दाखवावे. पाणचक्कीवर गेल्यावर मुलांना तीनच गोष्टी टिपायला सांगाव्यात: पाणी अंदाजे किती उंचीवरून पडते, तळी मिनिटाला किती फेरे घेते आणि पाणी पुढे कोठे जाते. परत आल्यावर गावातल्या गिरणीत जाऊन मोटारीवरील पाटी वाचावी, एक किलो ज्वारी दळायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे, आणि पाणचक्कीला तेच काम करायला किती वेळ लागेल याचा हिशेब मुलांनीच मांडावा.

माझ्या मित्राने हे ऐकून अहवाल मुलांना परत केले आणि ते वाक्य पुन्हा लिहायला सांगितले. एका मुलीने लिहिले: ‘या चक्कीला वीज लागत नाही, पण पाऊस लागतो.’ तिला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही.