भच्या डोक्यावरचे दोन ठिपके

‘आता ज्वारी. नंतर गहू. हरभऱ्याची डाळ शेवटी.’

मामाच्या गिरणीच्या दारावर ही ओळ लाल अक्षरांत उजवीकडून डावीकडे सरकत असते. दळणाचा डबा घेऊन आलेल्या माणसाला हवं ते सगळं तिच्यात आहे. आपलं धान्य कधी लागणार आणि आपल्याआधी दगडातून काय गेलं, हे तिथे कळतं. बाजरीमागोमाग गहू पडला तर पीठ काळपट येतं. डाळीचा वास दुसऱ्याच्या पिठाला लागू नये म्हणून डाळ शेवटी. ओळीत एकही क्रियापद नाही, पण गिरणीचा अख्खा दिवस आहे. मला ही ओळ फार आवडते, आणि ती ज्या पाटीवर धावते ती पाटी त्याहून आवडते.

पाटी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातली, एका रविवारी घेतलेली. पी-टेन जातीची तीन लाल पॅनेलं एका पत्र्याच्या चौकटीत बसवलेली होती. ‘पी-टेन’ म्हणजे दोन दिव्यांमधलं अंतर १० मिलिमीटर. एका पॅनेलवर आडवे ३२ आणि उभे १६, म्हणजे ५१२ दिवे. तीन पॅनेलं मिळून १,५३६. ५ व्होल्टचा वीजपुरवठा देणारा एसएमपीएस शाबूत होता, कंट्रोलर कार्ड मात्र जळून काळं पडलेलं. त्या कार्डाच्या जागी मी आर्डुइनो ऊनो बसवला. इटलीतल्या इव्रिया गावी २००५ साली डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी जन्मलेल्या आर्डुइनोच्या कुळातला हा छोटा बोर्ड. त्याची काम करायची स्मृती अवघी २ किलोबाइट, पण एका पॅनेलचं पूर्ण चित्र ६४ बाइटांत मावतं. तिन्हींना १९२ बाइट पुरतात.

पहिल्याच दिवशी दोन पॅनेलं उजळली आणि तिसरं अंधारात राहिलं. या पाट्यांची एक गोष्ट मला मनापासून भावते: बिघाड कुठे आहे ते त्या स्वतःच सांगतात. प्रत्येक पॅनेलमागे शिफ्ट रजिस्टरच्या १६ चिपा रांगेत असतात आणि माहितीचा एकेक बिट हातोहात पुढे दिला जातो. जिथे हात सुटतो तिथून पुढे अंधार. म्हणजे बिघाड दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनेलच्या मध्ये. पट्टी केबल काढून पाहिलं तर खोबणीच्या एका पिनेचा डाग सुटलेला. तो पुन्हा दिला आणि ओळ शेवटपर्यंत धावली.

आता ही ओळ जवळून पाहू. आपल्याला ती सलग पेटलेली दिसते, पण कोणत्याही क्षणी तिच्यातला पाव भागच पेटलेला असतो. आधी वरून पहिली, पाचवी, नववी आणि तेरावी रांग. त्या विझल्या की दुसरी, सहावी, दहावी, चौदावी. दर ५ मिलिसेकंदांनी पाळी बदलते आणि २० मिलिसेकंदांत चारही पाळ्यांचा फेरा पुरा होतो. सलगता जोडतात ते आपले डोळे. अक्षर एका घराने पुढे सरकवायला मी बरोबर दोन फेऱ्यांचा वेळ दिला आहे, ४० मिलिसेकंद. फेरा अर्धवट असताना सरकवलं की काना मधूनच तुटल्यासारखा दिसतो. दोन फेऱ्यांवर तो ताठ उभा राहतो. १९२८ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये इमारतीभोवती बल्बांची पट्टी बांधून त्यावर निवडणुकीचे निकाल फिरवले होते. तेव्हापासून या कलेचं मर्म एकच आहे: दिवा जागचा हलत नाही, हलते ती त्याची पाळी.

पाटीवर मराठी उमटवताना खरं काम सुरू झालं. रोमन अक्षरं सात रांगांत बसतात, आपल्याला सोळाच्या सोळा लागतात. गणिताच्या चौकटीच्या वहीत मी वाटणी केली. वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार यांना वरच्या चार रांगा, पाचवी शिरोरेषेची, अक्षराच्या अंगाला आठ, उकारांना खालच्या तीन. ‘गहू’मधला ‘ह’ स्वतःच खाली लोंबतो, म्हणून त्याचं अंग एका रांगेने आखडावं लागलं. ‘हरभऱ्याची’ या शब्दात नऊ खुणा, प्रत्येकीचे तीन बाइट, एकूण २७. शिवाय त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ खास आपला. आर्डुइनोला जोडाक्षर कळत नाही. स्मृतीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागून येते आणि डोळ्यांना ती आधी दिसावी लागते, हेही त्याला ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक शब्दाचं चित्र हाताने काढून साठवलं. त्या दिवसांत शेजारी मामा गिरणीच्या दगडांना टाकी लावत बसलेले असायचे. ठोक्यागणिक खाच मोजणारा त्यांचा हात पाहत मी ठिपके मोजायचो.

ओळ पहिल्यांदा लागली तेव्हा समोरच्या काकूंनी मोठ्याने वाचली आणि थांबल्या. ‘‘हरमऱ्याची? हे कसलं रे धान्य?’’ मी शिरोरेषा शब्दभर सलग ओढली होती. ‘भ’च्या माथ्यावर ती तुटते, हे शाळेत गिरवलेलं ठिपके मोजताना विसरलो. त्याच संध्याकाळी वही उघडली आणि ‘भ’वरचे दोन ठिपके विझवले.

त्या दोन ठिपक्यांनी मला पाटी वाचायला शिकवली. सरकत्या ओळीत शिरोरेषेकडे पाहत राहा. पाचव्या रांगेतले दिवे एकसारखे पेटलेले असल्याने तिथे काहीच सरकत नाही असं वाटतं. ताणून बांधलेल्या दोरीसारखी ती रेषा स्थिर असते आणि खालून काने, गाठी, उकार वाहत जातात. दोन शब्दांच्या मधे रेषा सुटते, पुन्हा धरली जाते. रोमन लिपीच्या पाटीत ही स्थिरता नाही. तिथे प्रत्येक अक्षर एकटं पळतं.

मग ‘हरभऱ्याची’ येते. स्थिर रेषेत उजव्या टोकाला दोन ठिपक्यांएवढी फट पडते. ती फट एकेक घर डावीकडे सरकते, तिसऱ्या पॅनेलवरून तो डाग दिलेला सांधा ओलांडून दुसऱ्यावर, मग पहिल्यावर, आणि काचेवर साचलेल्या पिठाच्या पुटाआड दिसेनाशी होते.